भोपाळचे यार्ड आणि बुदनीचा घाट

आपल्याकडे आगगाडीविषयी लिहावयास बसलेला प्रत्येक लेखक १६ एप्रिल १८५३ या दिवसापासून प्रारंभ करतो, आणि त्यात गैर काही नाही. कारण त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या चौदा डब्यांच्या गाडीत चारशेच्या आसपास निमंत्रित बसले होते, एकवीस तोफांची सलामी झडली होती, आणि साहिब, सिंध व सुलतान अशी भारदस्त नावे धारण करणारी तीन इंजिने ती गाडी ओढीत होती. परंतु या समारंभाच्या आदल्या वर्षीच, म्हणजे १८५२ साली, मुंबईत एक वाफेचे इंजिन येऊन भायखळ्याच्या बाजूस निमूटपणे कामास लागले होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव त्यास दिले होते. लोहमार्ग बांधणाऱ्या ठेकेदाराच्या दिमतीस राहून डबे पुढेमागे करणे एवढेच त्याचे काम होते; त्याच्यासाठी तोफ झडली नाही की त्याच्यामागे निमंत्रित बसले नाहीत. तरीही मुंबईत ज्येष्ठतेचा मान न्यायाने ज्याचा, ते हे शंटिंगचे इंजिन होय, आणि मेल ओढणाऱ्या इंजिनांच्या कौतुकाने आपले वाङ्मय भरून गेले असता या बिचाऱ्याच्या वाट्यास चार ओळीही आल्या नाहीत, हे मला पूर्वीपासून खटकत आले आहे. त्या जातीच्या इंजिनांचा निकट परिचय मला घडला तो मुंबईत नव्हे, भोपाळात.

१९५८ सालच्या हिवाळ्यात मी पंजाब मेलने भोपाळास गेलो. माझे आतेभाऊ, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणतो, भुसावळहून बदली होऊन तेथील यार्डात अधिकारी म्हणून रुजू झाले होते, आणि ‘एकदा येऊन जा, शहर पाहण्याजोगे आहे’ अशी त्यांची पत्रे वरचेवर येत होती. त्या काळी मुंबईहून निघालेली मेल इगतपुरीपर्यंत विजेच्या इंजिनाने जात असे. तेथे ते इंजिन सुटून वाफेचे इंजिन लागले की पुढला सारा प्रवास धुराच्या, कोळशाच्या व डोळ्यांत जाणाऱ्या कणांच्या सान्निध्यात करावा लागे. भुसावळ झोपेत गेले, खांडवा अर्धवट जागेपणी ऐकू आले, आणि उजाडल्यावर इटारसीच्या फलाटावर उतरून मी हातात चहाचा कुल्हड घेतला, तेव्हा चहूबाजूंनी वाफ सोडीत उभ्या असलेल्या इंजिनांचा एवढा मोठा मेळा दिसला की गाडी सुटण्याची शिट्टी ऐकूनही पाय डब्याकडे वळेनात. मुंबई–जबलपूर आणि दिल्ली–मद्रास हे दोन महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. चारही दिशांचा माल तेव्हा येथे येई, विभागला जाई व पुन्हा चारही दिशांस निघे. आणि त्यामुळे या गावाचे खरे ग्रामदैवत मालगाडी हेच आहे, असे दादा पुढे मला म्हणाले ते काही थट्टेने नव्हे.

होशंगाबादेस नर्मदेचा पूल आला तेव्हा डब्यातील आबालवृद्धांनी हात जोडले, खिडक्यांतून पैसे पात्रात पडले, आणि ‘नर्मदे हर’चा घोष पलीकडचा काठ येईपर्यंत चालू राहिला. पलीकडे बुदनी. येथील लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. पण मला त्या सकाळी दिसली ती बाजूच्या रुळावर थांबलेली एक लांबच लांब मालगाडी, आणि तिच्या शेपटाशी, जेथे गार्डाच्या डब्याखेरीज काही असू नये तेथे, धुमसत उभे असलेले एक दुसरे इंजिन. विंध्याद्रीचा चढ येथूनच लागतो, आणि जड मालगाडी एकट्या इंजिनाच्या बळावर तो चढू शकत नाही म्हणून तिला मागून रेटण्यासाठी हे बँकर इंजिन ठेवलेले असते. त्याविषयी सविस्तर पुढे सांगावयाचे आहे. तूर्त भोपाळास उतरू.

भोपाळ म्हटले की मराठी वाचकास बाजीराव आठवतो. १७३७ सालच्या डिसेंबरात त्याने निजामास येथे कोंडले, त्याची रसद तोडली, आणि अन्नपाण्यावाचून बेजार झालेल्या त्या मातब्बर सरदाराकडून पुढल्या महिन्यात दोराहसराईच्या मुक्कामी माळव्यावरील हक्क लिहून घेतला. तोफांपेक्षा रसद प्रभावी असते, हा त्या मोहिमेचा मथितार्थ. पुढे दीडशे वर्षांनी याच शहराच्या शहाजहान बेगमेने आपल्या दरबाराच्या खजिन्यातून मोठी रक्कम देऊन इटारसीकडून घाट चढून येणारा लोहमार्ग करविला, तेव्हा तिच्या मनात निजामाची ती उपासमार होती असे म्हणण्यास आधार नाही, तथापि राज्यकर्त्या बाईस रसदीचे मोल पुरते कळले होते हे निश्चित. १८८४ साली भोपाळपर्यंत गाडी आली. १८८९ पर्यंत इंडियन मिडलंड रेल्वेने तो मार्ग झांशीस नेऊन भिडविला. आणि १९०० साली तो सारा मार्ग जी. आय. पी. रेल्वेच्या कारभाराखाली आला. शतकाच्या अखेरीस उज्जैनकडील फाटाही जोडला गेल्यावर भोपाळ हे जंक्शन झाले, आणि जंक्शन झाले म्हणजे यार्ड आलेच.

मी गेलो तेव्हा शहर राजधानी होऊन दोनच वर्षे लोटली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, जुन्या मध्यप्रदेशाची नागपूर ही राजधानी मोडली, आणि नव्या मध्यप्रदेशाचा कारभार बेगमांच्या या तलावकाठच्या गावी आला. विधानसभेस मिंटो हॉल मिळाला, कचेऱ्यांस जुन्या कोठ्या मिळाल्या, कारकुनांस मात्र घरे मिळता मिळेनात. या कारकुनांत मराठी माणसे पुष्कळ. नागपूरच्या महाल-धंतोलीत जन्म काढलेली, वरण-भात आणि सांबारवडीवर वाढलेली ही कुटुंबे बदलीच्या हुकमासरशी उठून आली, आणि त्यांच्या संसाराचा सरंजाम वाघिणींत भरून इटारसीवरून वर आला. ‘अरे, त्या दिवसांत अर्धे नागपूर माझ्या यार्डातून गेले,’ दादा सांगत. ‘पलंग, पाटा-वरवंटा, कोणाचा झोपाळा, कोणाचे तुळशीवृंदावन. एका वाघिणीतून दिवसभर घड्याळाचे ठोके ऐकू येत. माणसे आधी येऊन धर्मशाळेत बसलेली, आणि सामान इकडे तिसऱ्या रुळावर अडकलेले. बायका मुलांना घेऊन थेट यार्डात येत, आणि म्हणत, भाऊसाहेब, आमची वाघीण तेवढी पुढे काढा हो.’ राजधानी हलविण्याचा ठराव विधिमंडळात होतो, त्याची बातमी वर्तमानपत्रात येते. परंतु राजधानी प्रत्यक्ष हलते ती या रीतीने, वाघीण वाघिणीमागे लावून, आणि तिसऱ्या रुळावरची पहिल्या रुळावर घेऊन.

ते ‘घेणे’ कसे होते हे पाहण्यासाठी दादांच्या मागे मी रात्रीच्या पाळीस जाऊ लागलो. दिवसा यार्ड म्हणजे काळ्या रुळांचे, राखेचे व कुंद वासाचे एक ओसाड मैदान. रात्री त्याला अर्थ येतो. इटारसीकडून गाडी आली की तिचे इंजिन सुटून शेडकडे जाते, आणि मग यार्डाचे इंजिन तिच्यात शिरते. त्या गाडीत बीन्याच्या वाघिणी असतात, उज्जैनकडच्या असतात, चांदबडच्या कापडगिरणीस कोळसा असतो, आणि काही भोपाळातच रित्या व्हावयाच्या असतात. हे सारे वेगळे काढून, पुन्हा प्रत्येक नव्या गाडीत स्थानकांच्या अनुक्रमाने लावावयाचे असते, म्हणजे वाटेत ज्या स्थानकावर वाघीण सोडावयाची ती शोधण्यासाठी सारी गाडी मोडावी लागू नये. त्यातून पेट्रोलच्या टाक्या इंजिनालगत लावावयाच्या नाहीत, कारण धुराड्यातून ठिणग्या उडतात. त्यांच्या व इंजिनाच्या मध्ये निरुपद्रवी मालाच्या वाघिणी राखणीस द्याव्या लागतात. वाघिणींच्या अंगावर खडूने खुणा केलेल्या, शंटिंग जमादाराच्या हाती कागदाचा चिटोरा, आणि त्या चिटोऱ्याबरहुकूम रात्रभर हा डाव मांडला जातो. बुद्धिबळाच्या पटाची उपमा येथे कोणास सुचेल, पण बुद्धिबळात सोंगटी वीस-बावीस टन माल पोटात घेऊन उताराने आपली आपण चालू लागत नाही.

अंधारात माणूस माणसाशी बोलतो तो दिव्याने. जमादाराच्या हातातला हिरवा दिवा सावकाश वरखाली झाला की इंजिनाने त्याच्यापासून दूर जावयाचे. तोच दिवा अंगासमोर आडवा हालू लागला की त्याच्याकडे यावयाचे. आणि दिवा डोक्यावर धरून मनगट वळविले की अगदी हळू, जोडणीपुरते. लाल दिसला की थांबणे, त्याविषयी वाद नाही. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर झुकून त्या एका ठिपक्याकडे पाहत असतो, आणि त्याचा उजवा हात रेग्युलेटरच्या दांड्यावर, डावा उलटवणीच्या चाकावर. पुढे, मागे, पुढे, मागे. मेलचा ड्रायव्हर मुंबई ते भुसावळ जेवढ्या वेळा दिशा बदलीत नाही तेवढ्या वेळा हा एका घटकेत बदलतो. वाघिणींच्या बफरांत शेवटचे हातभर अंतर उरले की वाफ बंद करून केवळ इंजिनाच्या वजनाने ते अंतर मिटवावयाचे असते; जास्त जोर झाला तर ठोकर बसून मालाची नासाडी, कमी झाला तर बफर टेकत नाहीत आणि खालचा माणूस ताटकळतो.

हा खालचा माणूस मी अगदी जवळून पाहिला. दोन वाघिणींच्या मध्ये वाकून, बफरांखालून आत शिरून, तो समोरच्या वाघिणीच्या साखळीची कडी उचलतो, आकड्यात टाकतो, मग स्क्रूचा दांडा फिरवून ती ताणतो, आणि पुन्हा वाकूनच बाहेर येतो. कडीचे वजन, हिवाळ्याच्या पहाटे लोखंडाचा हाताला चिकटणारा गारठा, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंस परातीएवढाल्या बफरांच्या तबकड्या. तो आत असताना इंजिनाने बोटभरही हलता कामा नये. त्याच्या हातात दिवा नसतो. दिवा जमादाराच्या हातात, आणि म्हणून त्याचा जीव वास्तविक जमादाराच्या मनगटात व ड्रायव्हरच्या डोळ्यांत. तो बाहेर आला, त्याने तोंडाने एक आवाज दिला, जमादाराचा दिवा वरखाली झाला, आणि पन्नास वाघिणी एकामागून एक कडकडत ताणल्या गेल्या. तो कडकडाट गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला तेव्हा मी अभावितपणे दोन पावले मागे सरलो. ड्रायव्हर वरून हसला. ‘को खाँ, डर रिये हो?’ हा अस्सल भोपाळी प्रश्न. त्यानंतर मला त्याने इंजिनावर चढवून घेतले, आणि भट्टीच्या दाराशी उभे केले.

रेल्वेच्या नोकरीत त्या काळी एक श्रेणी होती, आणि ती यार्डात उघडपणे दिसे. इंजिन पुसणारा खलाशी पुढे फायरमन होई, फायरमनचा शंटर होई, शंटरचा मालगाडीचा ड्रायव्हर, त्यानंतर सवारी गाडीचा, आणि सर्वांच्या शेवटी मेलचा. माणसे अशी वर चढत असता इंजिने मात्र नेमकी उलट खाली उतरत येत. तरुणपणी मेल ओढलेले इंजिन प्रौढपणी मालगाडीस लागे व म्हातारपणी यार्डात येई. त्यामुळे यार्डात नवखा ड्रायव्हर आणि जुने इंजिन अशी जोडी जमे, आणि वाकडेतिकडे स्वभाव असलेल्या त्या इंजिनांवर जो शिकला त्यास पुढे कोणतेही इंजिन जड जात नसे, असे त्या भोपाळी ड्रायव्हरचे म्हणणे होते. तो स्वतः मात्र नवखा नव्हता. दृष्टीच्या तपासणीत उणा ठरल्यामुळे त्यास मुख्य मार्गावरून यार्डात आणले होते. दूरचा सिग्नल दिसत नसे, जमादाराचा दिवा दिसे. ‘दूर का देख के करना भी क्या है,’ असे म्हणून त्याने भट्टीत दोन फावडी कोळसा टाकविला. मला ते उत्तर त्या पेशाच्या दृष्टीने पुरेसे वाटले.

मालगाड्यांवरची इंजिने तोवर बदलू लागली होती. महायुद्धाच्या काळात अमेरिका व कॅनडातून आलेली आठ चालक चाकांची धिप्पाड इंजिने होतीच; त्यांच्या जोडीस डब्ल्यू. जी. जातीची नवी इंजिने आली होती, आणि दादांना त्यांचा फार अभिमान. पहिली खेप ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने केली, पण बंगालात चित्तरंजन येथे स्वतंत्र भारताने उभारलेल्या कारखान्यातून जे पहिले इंजिन बाहेर पडले, ‘देशबंधू’ या नावाने १९५० साली ज्याचे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी लोकार्पण केले, ते याच जातीचे, म्हणजे मालगाडीचे होते. पुढे या एका जातीची २,४५० इंजिने झाली. आपल्या खाणींतील कोळशात राख फार. ती साचून, वितळून ढेपा होतात व जाळीतून हवा येईनाशी होते. म्हणून या इंजिनाची भट्टी मुद्दाम रुंद केलेली. चालक चाकांचा व्यास सुमारे पाच फूट दीड इंच, बॉयलरचा दाब चौरस इंचास २१० पौंड. मेलच्या इंजिनांची चाके याहून मोठी. कारण मोठ्या चाकाने वेग साधतो, आणि लहान चाकाने ओढ. जगात इतरत्रही शंटिंगच्या इंजिनांना चाके लहान असत. डौल कमी पडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वतंत्र राष्ट्राने इंजिने करावयास घेतल्यावर पहिला मान मालगाडीच्या इंजिनास द्यावा, राजधान्या जोडणाऱ्या मेलच्या इंजिनास नव्हे, हा निर्णय ज्यांनी केला त्यांना रसदीचे शास्त्र कळत होते.

त्या काळात यार्डात येणाऱ्या मालाचा एक मोठा भाग पिपलानीकडे जाई. तेथे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना बांधला जात होता. ६ नोव्हेंबर १९६० रोजी नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन व्हावयाचे होते, पण मी गेलो तेव्हा तेथे माती, लोखंड आणि विलायतेहून आलेली प्रचंड खोकी यांखेरीज फारसे काही नव्हते. ही खोकी बिनभिंतीच्या सपाट वाघिणींवर साखळदंडांनी बांधून येत. अशी वाघीण आली की त्या रात्री ठोकर देऊन डबे सोडण्याची पद्धत बंद. इंजिन शेवटपर्यंत वाघिणीस जोडलेले राही, आणि एरवी गाणे म्हणणारा ड्रायव्हर गप्प होई. त्या खोक्यांतील यंत्रांवर पुढे विजेच्या रेल्वे-इंजिनांच्या मोटारी तयार होणार होत्या. म्हणजे ज्यांनी वाफेच्या इंजिनास यार्डातून घालवावयाचे, त्यांची हत्यारे वाफेच्या इंजिनानेच हळुवारपणे, धक्का न लावता, त्यांच्या दारी नेऊन पोचविली. हे तेव्हा कोणाच्याही ध्यानी आले नव्हते असे नाही. दादा एकदा म्हणाले, ‘आपल्या बदलीचा हुकूम आपणच टपालात टाकतो आहोत.’

आता बुदनीविषयी. दादांनी रीतसर परवानगी काढली, आणि एका संध्याकाळी मी बुदनीहून भोपाळकडे येणाऱ्या मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसलो. बोरघाट व थळघाट यांचा चढ सदतिसात एक, हिंदुस्थानातील मुख्य मार्गांवर अतिशय कठीण मानला गेलेला. विंध्याचा हा चढ त्या मानाने सौम्य आहे, पण भरलेल्या मालगाडीस तो पुरेसा होतो. गाडी उभी असतानाच बँकर मागून येऊन आमच्या डब्यास टेकला. गार्डाच्या डब्यास मागे एक उघडा सज्जा असतो. मी त्यावर उभा, आणि माझ्यापासून हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर इंजिनाचे काळे वर्तुळाकार तोंड. इंजिनाच्या पुढ्यात बसून, त्याच्याकडे तोंड करून प्रवास करण्याचा प्रसंग प्रवाशास एरवी येत नाही. आघाडीच्या इंजिनाची शिट्टी खूप दुरून, गाडीच्या त्या टोकाहून आली. बँकरने कानठळ्या बसतील असे उत्तर दिले. आणि मग गाडी निघाली ती ओढली गेल्याने निघाली की रेटली गेल्याने, हे गार्डास किंवा मला, कोणासही सांगता आले नसते.

या रेटण्यात एक न्याय आहे. मागच्याने फार जोर केला तर मधल्या वाघिणी एकमेकींवर चढू पाहतात, वळणावर एखादी रुळाबाहेर फेकली जावयाची. कमी केला तर साऱ्या गाडीचा भार पुढच्या कड्यांवर येतो, आणि एखादी कडी तुटली की तिच्यामागचा सारा लोंढा परत नर्मदेच्या दिशेने. पुढचा ड्रायव्हर मागच्यास दिसत नाही, मागचा पुढच्यास दिसत नाही. मध्ये गाडीभर लोखंड. दोघांनी एकमेकांचा अदमास घ्यावयाचा तो शिट्टीवरून, धुराच्या रंगावरून व पायांखालच्या ताणावरून. मिडघाटापाशी बँकरची चाके घसरली. रुळांवर दव असावे. इंजिनाचा संथ, खोल श्वास एकाएकी तुटून धडाधड वेगाने सुटला, चाके जागच्या जागी फिरू लागली, धुराड्यातून ठिणग्यांचा फवारा सागाच्या शेंड्यांवर गेला. ड्रायव्हरने तत्क्षणी वाफ बंद केली, रुळांवर वाळू सोडली, आणि पुन्हा अगदी सावकाश वाफ दिली. एक श्वास. दुसरा. तिसऱ्यास चाकांनी रूळ धरला. या अवधीत गाडी थांबली नाही, कारण पुढचा ओढीत होता. आणि ती मागे सरकली नाही याचे श्रेय कोणास द्यावे याचा हिशेब कोणत्याही रोजनाम्यात होत नाही. हे रातापाणीचे अरण्य. रुळांवर वाघ येतात, आणि गाडीखाली सापडून मरतातही. गार्ड हे सांगत असता त्याने दिवा जरा पुढे केला, तो मला बरा वाटला.

चौका मागे पडले आणि बरखेड्यास चढ संपला. बँकर सुटला. त्याला वळविण्याची सोय नसल्याने तो उलट्या तोंडाने, टेंडर पुढे करून, एकटाच बुदनीस परत निघाला. ड्रायव्हर कोळशाच्या ढिगावरून पलीकडे पाहण्यासाठी बाहेर झुकलेला, आणि ढिगावरची भुकटी उडून त्याच्या तोंडावर येत होती. खाली पोचल्यावर पुढची मालगाडी तयार असणार होती. या माणसाच्या नोकरीत भोपाळ हे स्थानक नव्हते. बुदनीहून बरखेडा आणि बरखेड्याहून बुदनी, आणि प्रत्येक वेळी ज्या गाडीस त्याने वर चढविले ती त्याला सोडून पुढे जाणार. आमची गाडी ओबेदुल्लागंजाकडे उताराला लागली तेव्हा पुढच्या इंजिनाने लांबलचक शिट्टी दिली. ती त्याच्यासाठी होती की फाटकावरच्या माणसासाठी, हे मी गार्डास विचारले. ‘फाटकासाठी,’ गार्ड म्हणाला.

चित्तरंजनच्या कारखान्याने १९७२ साली वाफेची इंजिने करणे थांबविले. तोवर तेथे २,३५१ झाली होती. त्यानंतर मेल गाड्यांवरून वाफ आधी गेली आणि यार्डांतून मागाहून गेली, कारण मंत्र्यासंत्र्यांचे लक्ष मेलकडे असते आणि यार्डाकडे नसते. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर–फिरोजपूर मार्गावर धावली. अलीकडे मी पुन्हा भोपाळास गेलो तेव्हा घाटात मालगाड्यांना मागून रेटण्याचे काम विजेच्या इंजिनांकडे होते, आणि बोगदे खोदून तिसरा मार्ग काढण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. शहराच्या स्थानकावर एक स्मारक आहे: १९८४ सालच्या डिसेंबरातील विषारी वायुगळतीच्या रात्री कामावर असताना मृत्यू पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे. उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी त्या रात्री गोरखपूरहून आलेली गाडी वेळेआधी पुढे काढून शेकडो प्रवाशांस वाचविले, आणि स्वतः फलाटावरच राहिले. त्यांची हकीगत आता पुष्कळांस ठाऊक झाली आहे. गाड्या पुढे काढावयाच्या आणि आपण जागेवर राहावयाचे, हा या नोकरीतील अनेकांचा नित्याचा धर्म. त्या रात्री त्याची किंमत फार मोठी पडली, एवढेच.

यार्डाच्या इंजिनाचे स्मारक मात्र मला तेथे आढळले नाही, आणि दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेलेला प्रेक्षक प्रथम कोणत्या इंजिनासमोर उभा राहून छायाचित्र काढवितो हे मी पाहिलेले आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. लोखंड कोठे ठेवावे हा संग्रहालयांचा प्रश्न. पण भुसावळ, इटारसी, मनमाड, दौंड, पुणे, सोलापूर या गावी शेडमध्ये किंवा यार्डात वाफेच्या काळात राबलेली माणसे मराठी घरांतून आजही आहेत, आणि त्यांतले सर्वांत धाकटेही आता वृद्ध झाले आहेत. दिव्याच्या खुणा नियमांच्या पुस्तकात सापडतील. चाके घसरली असता कोणत्या क्षणी वाफ बंद करावयाची, राखेचा कोळसा आला तर भट्टी कशी राखावयाची, दोन बफरांच्या मध्ये वाकताना कोणता पाय आधी टाकावयाचा, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ज्या वाचकाच्या घरी असा कोणी वडीलधारा असेल, त्याने त्याच्याजवळ बसून हे विचारावे, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत तारीख घालून उतरून घ्यावे.